शेरा

गुरुवारी सव्वाआठला बेचाळीस जणं वर्गात येतात.
बाहेर अजून रात्रच असते; तार्तूमधला नोव्हेंबर
सकाळ देताना हात आखडता घेतो.
ओल्या बुटांचा वास, थर्मासची झाकणं, जांभया.
ही मुलं स्वप्नांबद्दल शिकायला आली होती,
खुनी माणसाच्या डोक्यात काय चालतं त्याबद्दल,
आपली आई अशी का, त्याबद्दल.
मी त्यांना रकाने देते.

पहिल्याच तासाला सांगते :
कावळा बसला आणि फांदी तुटली,
तर लगेच कावळ्याला पकडू नका.
मुलं लिहून घेतात. मग घरी जाऊन
कावळ्याला पकडतात.
मीही पकडते. बावीस वर्षं हेच शिकवूनसुद्धा.

हेलेरी पिहेल. सारेमा बेटावरची.
तिचा प्रयोग : पुलावरून चालताना
एक लाल हातमोजा पाडायचा, चुकून पडल्यासारखा,
आणि कोण उचलून देतं ते मोजायचं.
अर्ध्या वेळा कानाला फोन, अर्ध्या वेळा नुसतंच.
चाळीस वेळा.

चाळिसांतून एकतीस जणांनी उचलला.
या गावात? जिथे शेजारी लिफ्टमध्ये
आपापल्या बुटांशी बोलतात?
शिवाय फोनचा फरकही स्वच्छ दिसत होता,
पी-मूल्य इतकं लहान, की हेलेरीचे गाल लाल.

मी शेवटचा रकाना वाचला. शेरा.
ओळ सहा : म्हातारे गृहस्थ, राखाडी टोपी, कुत्रा.
ओळ नऊ : राखाडी टोपी, कुत्रा.
ओळ चौदा : पुन्हा तेच.
ओळ एकोणीस : पुन्हा तेच. आज हसले.
ओळ सत्तावीस : कुत्र्याचं नाव पिपर.

"अकरा," मी म्हटलं. "अकरा वेळा एकच माणूस."
"पण अकराही वेळा उचलला ना त्यांनी."
"हेलेरी, शितावरून भाताची परीक्षा, कबूल.
पण तेच एक शीत अकरा वेळा चिमटीत दाबलं,
तर भाताबद्दल काय कळणार?"

ती खिडकीकडे बघत राहिली. खिडकीत काहीच नव्हतं,
आमचीच ट्यूबलाइट.
मग म्हणाली, "शिताबद्दल कळेल."

याचं उत्तर माझ्या पुस्तकात नाही.
पुस्तकात आहे तो नियम : पहिली ओळ ठेवा, बाकीच्या काढा.
तिने दहा ओळी काढल्या.
तीस उरल्या, आणि फोनचा फरक
चहातल्या साखरेसारखा दिसेनासा झाला.

आणखी एक नियम असतो :
ज्याच्यावर प्रयोग केला, त्याला शेवटी खरं सांगायचं.
ती कागद घेऊन पुलावर गेली.
त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचला.
"मला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं," म्हणाले,
"एकच हातमोजा रोज कोण हरवतं?"
"मग उचलत का राहिलात?"
"तुम्ही पाडत राहिलात म्हणून."

(कावळा कोण आणि फांदी कोण,
हे मी परीक्षेत विचारणार नाही.)

अहवालात मर्यादांच्या भागात हेलेरीने लिहिलं :
एक सहभागी प्रयोग संपल्यावरही सहभागी आहे.
असं वाक्य चालत नाही. मी पेन उघडलं,
समासात नेलं,
आणि पान उलटलं.

मागे त्यांचा संमतीचा कागद जोडलेला.
सही बारीक, वळणदार, जुन्या शाळेतली.
खाली आम्ही छापलेली रिकामी चौकट असते,
शेरा असल्यास,
जी बावीस वर्षांत कोणी भरल्याचं मला आठवत नाही.
तिच्यात त्यांनी लिहिलंय :
आम्ही दोघं सव्वाचारलाच येतो. अजूनही.

हा कागद कुठल्या फायलीत लावायचा
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.
टेबलावरच आहे.
वर लाल पेन ठेवलंय, उडू नये म्हणून.